देणगीदार होऊ इच्छिणाऱ्यांस काही हिताच्या सूचना

केवायसी अपूर्ण असल्याचे सांगून बँकेने नुकतेच माझ्या आईचे निवृत्तिवेतनाचे खाते गोठवले आणि शिक्षिकेच्या पेन्शनवर जगणाऱ्या त्या बाईंना 'उत्पन्नाचा स्रोत' लिहून द्यायला लावले. तो अर्ज भरताना माझी खात्री पटली की या देशात सुखाने जगायचे असेल, तर राजकीय पक्षांचा मोठा देणगीदार व्हावे.

त्यासाठी प्रथम माणूस असणे सोडा आणि कंपनी व्हा. नफ्याची चिंता तर मध्यंतरी उरलीच नव्हती. पूर्वी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देता येत असे. 2017 मध्ये वित्त विधेयकाच्या पोटात घालून ती मर्यादाच काढली गेली, त्यामुळे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द करेपर्यंत तोट्यातली कंपनीही दानशूर होऊ शकली.

केंद्रात जो सत्तेत असेल त्याला द्या आणि राज्यात जो असेल त्यालाही द्या. निष्ठा ही सतरंज्या उचलणाऱ्यांसाठी असते.

दानाची वाच्यता मात्र करू नका. स्टेट बँकेकडून विकत घेऊन पक्षाला द्यायच्या निवडणूक रोख्यांची सोय आता उरली नसली, तरी त्या युक्तीची उजळणी करून ठेवा, कारण ती पुन्हा कोणत्या नावाने येईल हे सांगता येत नाही. केवायसी तेथेही होतेच. फरक एवढाच की देणाऱ्याचे नाव मतदाराला कळू नये, याची व्यवस्था कायद्यानेच केली होती. आमच्या गल्लीतले गणेश मंडळ एकशे एक रुपये देणाऱ्याचेही नाव फळ्यावर लिहिते, आणि येथे एक कोटीचा रोखा निनावी! रिझर्व्ह बँकेने आक्षेप घेतला, निवडणूक आयोगाने घेतला, तरी योजना रेटली. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवून रोख्यांचा तपशील निवडणूक आयोगाला द्यायला सांगितले, तेव्हा स्टेट बँकेला आठवले की देणगीदारांचा तपशील मुंबईच्या मुख्य शाखेत बंद लिफाफ्यांत आहे आणि 22,217 रोख्यांची जुळवणी करायला 30 जूनपर्यंत वेळ हवा, म्हणजे लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर. न्यायालयाने 11 मार्चला खडसावले आणि दुसऱ्याच दिवशी, जुळवणीविना का होईना, माहिती निवडणूक आयोगाकडे पोहोचली. एका दिवसात देता येणारी माहिती साडेतीन महिने लांबवू पाहणाऱ्यांना लाज कशी वाटली नाही?

त्या यादीत सर्वांत मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटींची, आणि तिच्यामागे ईडीची चौकशी होती. सर्वाधिक पैसा भाजपला मिळाला. म्हणून इतरांनी सोवळ्याचा आव आणू नये, कारण याच लॉटरीवाल्यांचे मोठे लाभार्थी तृणमूल आणि द्रमुक होते.

आता उपरोध बाजूला ठेवतो. केंद्रीय माहिती आयोगाने 2013 मध्ये सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्णय दिला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्षांपैकी एकानेही तो अमलात आणला नाही. आमच्या वृद्ध आईबापांकडे रुपयारुपयाचा स्रोत मागणाऱ्यांनो, तुमचा पैसा कोणी दिला आणि त्याच्या मोबदल्यात त्याला कोणते कंत्राट, कोणता परवाना, कोणत्या चौकशीतून सुटका मिळाली, हे आम्ही विचारले की तुमची वाचा का बसते? सांगायची लाज वाटत असेल, तर तो पैसा घेऊ नका.