‘इमिटिनेफ मर्सिलेट’ नावाचे औषधच नाही, आणि जे आहे ते मायलोमाचे नाही

मेसेज तुम्हीही वाचला असेल. कित्येक वर्षे तो फिरतो आहे: “‘इमिटिनेफ मर्सिलेट’ हे औषध रक्ताचा कॅन्सर बरा करते. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ते फुकट मिळते. जास्तीत जास्त लोकांना पाठवा, चांगुलपणाला पैसे लागत नाहीत.” आपल्याकडे येईपर्यंत कुणीतरी त्याला शेपूट जोडले: “सुई टोचून तपासणी करू नका, त्याने कॅन्सर पसरतो.”

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये मी सतरा वर्षे टेक्निशियन आहे. गेल्या पावसाळ्यात राधानगरीकडचे एक ऊस शेतकरी तपासणीला आले. वय साठीच्या आत, आठ महिने पाठ दुखतेय म्हणून कमरेला पट्टा, खिशात दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. हिमोग्लोबिन ८.१, ईएसआर (शरीरात काही बिघाड असला की वाढणारा आकडा) १२० च्या वर. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, मायक्रोस्कोपखाली धरला तर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर चढलेल्या. याला आम्ही रुलो म्हणतो. रक्तात नको तेवढे प्रोटीन असले की असे दिसते. डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करून बघणे), फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे सुटे तुकडे मोजणे) आणि बोन मॅरो (हाडातल्या मज्जेचा नमुना) या तपासण्या लिहून दिल्या. ते परत आले पाच आठवड्यांनी. मुलाने मोबाइल पुढे केला, “ताई, ह्या औषधानं बरं होतंय म्हणत्यात. मग सुया कशाला टोचायच्या? आम्ही चेन्नईचं तिकीट बघालोय.” मूत्रपिंडे बिघडली की वाढणारे क्रिएटिनिन पहिल्या खेपेला २.१ होते, त्या दिवशी ६.४ आले. आजार निघाला मायलोमा, म्हणजे मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर.

म्हणून त्या मेसेजमधले एकेक वाक्य घेऊन बसले आहे.

“इमिटिनेफ मर्सिलेट.” हे नाव कोणत्याही औषधाचे नाही. खरे नाव इमॅटिनिब मेसिलेट. टाइप करणाऱ्याची चूक म्हणून सोडून देता आले असते, पण हा चुकीचा शब्द घेऊन माणसे औषधांच्या दुकानात जातात, दुकानदार नाही म्हणतो, आणि ‘इथे मिळत नाही, चेन्नईतच मिळते’ हा समज आणखी पक्का होतो.

“रक्ताचा कॅन्सर बरा करते.” सगळी गफलत इथे आहे. रक्ताचा कॅन्सर हा एक आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही वेगवेगळी कुळे आहेत, आणि प्रत्येक कुळात पुन्हा पोटभेद. इमॅटिनिब प्रामुख्याने त्यांतल्या एकाचे औषध आहे: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल.

तिथे मात्र ते खरोखर मोठे औषध आहे, आणि ते कसे सापडले हे कळले की इतर आजारांत ते का चालत नाही हेही कळते. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक तोकडे गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवले की ९ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्या सांध्यावर एक नवेच जनुक तयार होते, त्यातून निघणारे प्रथिन बटण अडकल्यासारखे सतत चालू राहते आणि पेशी वाढतच जातात. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि ते बंद पाडते. अमेरिकन डॉक्टर ब्रायन ड्रकर यांच्या सुरुवातीच्या चाचणीत पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे ठिकाणावर आले. २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्के दहा वर्षांनीही हयात होते. हे आकडे मी कमी लेखत नाही. मेसेजमागचा दाणा खरा आहे, म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला.

आता मायलोमा. इथे बिघडते ती मज्जेतली प्लाझ्मा पेशी, जिचे काम अँटिबॉडी बनवण्याचे. बिघडलेली एकच पेशी स्वतःच्या हजारो नकला काढते आणि सगळ्या मिळून एकाच छापाचे निरुपयोगी प्रोटीन रक्तात ओतत राहतात. हाडे पोखरली जातात, कॅल्शियम वाढते, रक्त कमी होते, मूत्रपिंडे तुंबतात. यात सीएमएलसारखे एक अडकलेले बटण नाही. कुणाच्या पेशीत १४ व्या गुणसूत्राचा तुकडा चौथ्याला जोडलेला, कुणाच्या अकराव्याला, कुणाच्या सतराव्याचा भाग गायब, कुणाकडे गुणसूत्रेच जास्त. इमॅटिनिब ज्या खाचेत बसते, तीच इथे नाही. तरीही मायलोमाच्या रुग्णांवर ते वापरून पाहिले गेले. उपयोग झाला नाही.

मग मायलोमावर काहीच नाही का? आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत पुष्कळ आले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी इतर उपचार थकलेल्या ८४ रुग्णांना थॅलिडोमाइड दिले, आणि साधारण तिघांतल्या एकाला गुण आला. बाळांना जन्मजात व्यंग देणारे म्हणून बदनाम झालेले हे औषध मायलोमात कामाला आले. त्याच घराण्यातले लेनालिडोमाइड आज आपल्याकडे जेनेरिक मिळते. २००३ मध्ये बोर्टेझोमिब आले. ते समजायला आपला साखर कारखाना पुरे. गाळप जोरात चालू आहे आणि बगॅस (उसाचा चोथा) बाहेर नेणारा पट्टाच बंद पडला, तर थोड्या वेळात सगळा कारखाना ठप्प. प्लाझ्मा पेशी अहोरात्र प्रोटीन बनवते, त्यामुळे तिच्यात बिघडलेल्या प्रोटीनचा कचराही जास्त. तो कचरा काढणारी यंत्रणा बोर्टेझोमिब अडवते आणि पेशी स्वतःच्याच कचऱ्याखाली मरते. लेनालिडोमाइड, बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळून आज बऱ्याचदा सुरुवातीचा उपचार होतो, झेपत असेल तर पुढे स्वतःच्याच मूळ (स्टेम) पेशींचे प्रत्यारोपण. मायलोमा मुळापासून बरा होतो असे आज सर्वसाधारणपणे म्हणता येत नाही. पण तो वर्षानुवर्षे दाबून ठेवता येतो, आणि माणूस शेतावर परत जाऊ शकतो.

“चेन्नईत फुकट मिळते.” अड्यारची संस्था खरी आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ मध्ये ती उभी केली, डॉ. व्ही. शांता यांनी आयुष्य तिथे घातले. पण इमॅटिनिबसाठी कोल्हापुरातून जवळपास हजार किलोमीटर जायची गरज नाही. ‘फुकट’चा धागा बहुधा मूळ कंपनी नोव्हार्टिसच्या योजनेतून आला असावा, गरजू रुग्णांना ती हे औषध मोफत देत असे. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा पेटंटचा दावा फेटाळला. तेव्हा कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख सांगितला जात होता, भारतीय जेनेरिकचा आठ ते दहा हजार. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर हे औषध आज इथेही मिळते. आणि मदतच हवी असेल तर रेशन कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात.

“सुई टोचल्याने पसरतो.” बोन मॅरो कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, जागा बधिर करून. दुखते, नाही म्हणत नाही. पण मायलोमा एका गाठीत कोंडलेला नसतो, तो आधीच ठिकठिकाणच्या मज्जेत असतो. सुई त्याला कुठे नेणार? ती तपासणी टाळली तर आजार कोणता हेच ठरत नाही, मग औषध कशावर द्यायचे?

“चांगुलपणाला पैसे लागत नाहीत.” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या पाच आठवड्यांत त्या शेतकऱ्याच्या, आबांच्या, मूत्रपिंडांत लाइट चेन अडकत होत्या, आणि वरून दुखण्याच्या गोळ्या चालूच होत्या. मायलोमात त्या गोळ्या मूत्रपिंडांना आणखी मारक ठरतात. त्यांच्या लघवीच्या पट्टीवर प्रोटीन जेमतेम दिसले होते, त्यामुळे घरच्यांना वाटले किडनी ठीक आहे. ती पट्टी अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिला बहुतेक वेळा दिसतच नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठ महिनोन्महिने दुखतेय, रक्त कमी आहे, क्रिएटिनिन वाढलेय, असे तिन्ही एकत्र दिसले तर डॉक्टरांना इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल स्वतःहून विचारा.

आबांचा उपचार सुरू झाला. प्रोटीन उतरले, पाठीचे दुखणे गेले. मूत्रपिंडे मात्र पूर्ण सावरली नाहीत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाने मला एक नवा मेसेज पाठवला. आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाने रक्ताच्या कॅन्सरवर भारतीय उपचार काढला आहे, सगळ्यांना कळवा, असा. त्यातला उपचार खराच आहे. नेक्सकार१९ ही रुग्णाच्याच टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) नवे काम शिकवणारी पद्धत, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली. पण ती बी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या ठरावीक ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी. ती सीडी१९ नावाची खूण शोधते, आणि मायलोमाच्या पेशींवर ती खूण बहुधा नसतेच. तिथे बीसीएमए ही खूण धरावी लागते. तसे वेगळे दोन उपचार अमेरिकेत २०२१ आणि २०२२ मध्ये मंजूर झाले.

त्याने या वेळी तो मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला नव्हता. खाली एवढेच लिहिले होते, “ताई, ह्यो आबांच्या कॅन्सरचा हाय का?”

मी लिहिले, नाही.