डोंगराची रजा रद्द करा

अभिनंदन! महाबळेश्वराच्या आसपास रिसॉर्टसाठी दहा गुंठे घेतलेत म्हणे. सातबाऱ्यावर शेती आहे? असू दे. बोर्डावर आधी 'अ‍ॅग्रो' लिहा, त्या शब्दाच्या पोटात स्विमिंग पूलसुद्धा मावतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, असं कुणी घाबरवलं तर ते जाहिरातीतच टाका: 'संवेदनशील निसर्गाच्या कुशीत'.

आता खरी अडचण. या डोंगराला एक वाईट खोड आहे. जून लागला की तो रजेवर जायचा. गोरे साहेब पावसाआधी खाली उतरायचे. मागं राहिलेली माणसं घरादारांना गवताच्या झडी, म्हणजे पावसाचे आडोसे, बांधून, सरपण-धान्य भरून चार महिने आत बसायची. बाजार थंड. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस डोंगर एकटाच पिऊन टाकायचा आणि त्यावर एक रुपयाचा जीएसटी नाही! हा आळस मोडायचा, यालाच बारमाही पर्यटन म्हणतात.

तेव्हा पावसाला पाऊस म्हणू नका, 'मान्सून एस्केप' म्हणा. 'व्हॅली व्ह्यू' खोलीचे जादा पैसे जुलैतही घ्या. पाहुणा पडदा सारेल, बाहेर पांढरी भिंत दिसेल, विचारेल, "व्हॅली कुठंय?" गंभीर चेहऱ्यानं सांगा, "सर, आत्ता तुम्ही ढगात आहात." चादरी चार-चार दिवस वाळणार नाहीत, उशीला कुबट वास येईल, मिठाच्या डबीतून मीठ पडायचं नाही. वासाला 'मातीचा सुगंध' म्हणा, डबीत तांदळाचे दाणे टाका. ऑगस्टमध्ये स्ट्रॉबेरी मागितली तर फ्रीझरमधली द्या. रोपाला थंडी लागते हे पाहुण्याला कशाला सांगायचं? क्रीम भरपूर घाला, म्हणजे झालं.

२२ जुलै २०२१ ला इथं एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट त्या पावसात जागोजागी तुटला. असलं काही ब्रोशरमध्ये येत नाही. आलंच तर रस्ता बंद असताना 'एक रात्र जादा' योजना काढा.

आणि एकटे पडाल ही भीती नको. 'नवीन महाबळेश्वर' नावाचं सरकारी गिरिस्थान येतंय. आधी २३५ गावं होती, मग यादी आणखी लांबली. त्याचा आराखडा करायचं काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे. डोंगराचं नियोजन रस्तेवाल्यांकडे असलं की डोंगर कुठं ठेवायचा, हा प्रश्नच उरत नाही.

पाण्याचं म्हणाल तर वर क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात पाच नद्या उगम पावतात आणि मे महिन्यात वाड्यांवरची माणसं टँकरची वाट बघतात. तुम्ही बोअर मारा, खोल मारा. स्विमिंग पूल निळा दिसला पाहिजे.

एक शेवटचं. चादरी धुणाऱ्या मावशी खालच्या वाडीच्या असतील. आषाढात त्या मागच्या दारी उभ्या राहतील, डोक्यावर इरलं, पायाला चिखल. म्हणतील, "साहेब, चार दिस सुट्टी द्या, लावणी हाय." रागावू नका. त्यांना सांगा, "मावशी, ऑफ सीझनला बघू." त्या पायवाटेनं उतरल्या की ऑफिसात या आणि कॅलेंडरवरचा ऑफ सीझन लाल पेनानं खोडून टाका.