आधी वॉट-अवर बघा
लेखात सॉकेटवाली (घरच्यासारखा प्लग लावता येणारी) पॉवर बँक निवडताना सगळा भर एमएएचवर (मिलीअँपिअर-अवर, बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) दिलाय, ते पटलं नाही. विमानाने जाणार असाल तर वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठणारी ऊर्जा, बघा. एमएएचला ३.७ ने (आतल्या सेलचं व्होल्टेज) गुणून १००० ने भागायचं. २७,००० एमएएच म्हणजे ९९.९ वॉट-अवर. साधारणपणे १०० पर्यंत हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. चेक-इनच्या बॅगेत मात्र कुठलीच नाही. माझ्या पॉवर बँकेवरचे आकडे घासून पुसट झाले होते, तपासणीत ती काढूनच घेतली. लॅपटॉप तेव्हा १२ टक्क्यांवर! आणि लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर सॉकेट हवंच कशाला? बॅटरीच्या डीसीचं सॉकेटसाठी एसी, लॅपटॉपसाठी पुन्हा डीसी, यात बरीच वीज नुसती उष्णतेत जाते.