चोर सोडून प्रेशर सेन्सरला फाशी

जुन्या आलिशान गाड्या बाळगणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मलाच तो पाच-सहा जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘एअर सस्पेन्शनचा दिवा लागला, सकाळी गाडी बसलेली दिसली आणि स्कॅनरवर प्रेशरचा कोड आला, की प्रेशर सेन्सर गेला समजा. मल्टिमीटरने त्याचे ओहम बघा, रीडिंग आलं नाही तर खात्रीच. कोड पुसूनही परत आला तर शंकाच नको. पार्ट स्वस्त आहे, आधी तोच बदला.’

आधी दोन शब्द: एअर सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगऐवजी हवा भरलेला रबरी बलून असतो. कंप्रेसर हवा एका टाकीत भरतो, व्हॉल्व्ह ब्लॉक म्हणजे झडपांचा ठोकळा ती बलूनना वाटतो, आणि काही बिघडलं की स्कॅनरवर त्याचा कोड दिसतो. हवा गेली की गाडी खाली बसते.

मी या कामात आहे, म्हणून गप्प बसवत नाही. या मेसेजवर विसंबून सेन्सर बदललेल्या आणि महिन्याभरात कंप्रेसर जळालेल्या गाड्या माझ्याकडे येतात. उदाहरणाला लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३ घेतो. २००४ साली आलेली ही गाडी मी पुष्कळदा उघडली आहे आणि हा गैरसमज तिच्याबाबत सर्वांत जास्त आहे.

‘सकाळी गाडी बसली म्हणजे सेन्सर गेला.’

गाडी किती उंच उभी आहे हे प्रेशर सेन्सर बघतच नाही. त्यासाठी चारही चाकांपाशी वेगळे हाइट सेन्सर असतात. सस्पेन्शनचा प्रेशर सेन्सर चारही चाकांना मिळून एकच, हवेच्या टाकीजवळच्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर. ज्या बलूनचा किंवा टाकीचा व्हॉल्व्ह उघडेल, त्याचा दाब त्याला त्या वेळेपुरता कळतो. गाडी बंद करून तुम्ही झोपायला गेलात की सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असतात. रात्रभर हवा धरून ठेवण्याचं काम रबराचं, जॉइंटचं आणि त्या व्हॉल्व्हचं. सेन्सर पूर्ण मेलेला असला, तरी त्यामुळे बलूनमधली हवा कुठे जात नाही.

शिवाय बलूनमधला दाब ठरतो तो त्याच्यावरच्या वजनाने. एका चाकावर ६०० किलो भार आणि बलूनचं परिणामी क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर दाब चौरस सेंटिमीटरला ६ किलो, म्हणजे सहा बारच्या आतबाहेर. गाडी दोन इंच वर केली तरी तो फारसा हलत नाही. मग दाबावरून उंची कशी काढणार?

यावर लोक म्हणतात, ‘पण एकच कोपरा नाही, चारही बाजूंनी बसली, चार बलून एकदम कसे फुटतील?’ प्रश्न रास्त आहे आणि उत्तर बहुतेकांना ठाऊक नसतं. डिस्कव्हरीचा सस्पेन्शन ईसीयू, म्हणजे सस्पेन्शन चालवणारा छोटा संगणक, गाडी बंद असतानाही काही तासांनी जागा होतो, कोणता कोपरा खचलाय ते बघतो आणि गाडी वाकडी दिसू नये म्हणून बाकीचे तीन कोपरे त्याच्या पातळीला उतरवतो. गळणारा बलून एक, बसतात चौघे!

हे पकडायची पद्धत साधी आहे. रात्री चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, सस्पेन्शन ईसीयूचा फ्यूज काढा आणि सकाळी पुन्हा मोजा. ईसीयूला आता काही करता येत नाही, त्यामुळे जो कोपरा खाली आला तिथेच गळती. मग त्या बलूनवर, पाइपच्या जॉइंटवर आणि व्हॉल्व्ह ब्लॉकवर साबणाचं पाणी मारून फेस बघा. बलूनच्या घडीतली बारीक चीर गाडी उंच असताना उघडते आणि बसली की मिटते, म्हणून फेस उंच गाडीवरच बघायचा. मात्र गाडी चेसिसखाली लोखंडी स्टँडवर घेतल्याशिवाय चाकाच्या कमानीत हात किंवा डोकं घालू नका. हवा गेली तर दोन टनांहून जड गाडी तुम्हाला सावरायला वेळ देत नाही.

‘कोडमध्ये प्रेशर आहे, म्हणजे प्रेशर सेन्सरच.’

या गाडीत नेहमी भेटणारा कोड आहे सी१ए२०. त्याचा अर्थ: टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय. हे ईसीयूला कळलं कसं? सेन्सरने सांगितलं म्हणून. म्हणजे सेन्सर बहुधा आपलं काम चोख करतोय आणि आपण त्यालाच काढून फेकतोय. दाब हळू वाढतो तो कंप्रेसरच्या पिस्टनची रिंग झिजल्यामुळे, हवा आत घ्यायचा फिल्टर चोंदल्यामुळे, ड्रायरमधल्या, हवा कोरडी करणाऱ्या दाण्यांचा भुगा झाल्यामुळे, नाहीतर कुठेतरी गळती असल्यामुळे. मी आधी फिल्टर आणि ड्रायर बघतो, कारण ड्रायर संपला की ओलसर हवा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जाते आणि एकाची चार कामं होतात.

‘ओहम तपासा.’

हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. जुन्या तापमान सेन्सरचे ओहम मोजता येतात. इथे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. तीन वायरी: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. चांगल्या सेन्सरवरही ओहमचं रीडिंग काहीच्या काही येतं.

‘कोड परत आला म्हणजे पक्कं.’

गळती तशीच असेल तर कोड परत येणारच. तो कधी येतो हे बघा. इग्निशन दिल्याबरोबर आला तर वायरिंग, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग) किंवा सेन्सर यांच्याकडे वळा. कंप्रेसर काही मिनिटं चालल्यावर आला तर शोध हवेच्या बाजूला घ्या.

‘स्वस्त आहे, आधी बदलून बघा.’

पुष्कळ गाड्यांत हा सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खा व्हॉल्व्ह ब्लॉक घ्यावा लागतो. त्यासाठी पाइप उघडायचे म्हणजे नव्या गळतीला जागा करून द्यायची. तोवर मूळ गळती चालूच असते, कंप्रेसर तासन् तास धावतो आणि तापून बसतो. स्वस्तातला प्रयोग तिथे महागात पडतो.

सेन्सर कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. जातो, आणि कोकणच्या पावसात भिजणाऱ्या गाड्यांत कपलरमध्ये हिरवा गंज धरून त्याच्यावर आळ येतो तो वेगळाच. म्हणून आधी कपलर काढून इग्निशनवर पुरवठ्याचे ५ व्होल्ट आणि अर्थिंग मोजा. ५ व्होल्टच नसतील तर दोष सेन्सरच्या मागे, वायरिंगमध्ये किंवा ईसीयूत. दोन्ही ठीक असतील तर कपलर परत जोडा, मागच्या बाजूने बारीक पिन घालून सिग्नल वाचा. वायर टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं. अशा बहुतेक सेन्सरांत दाब नसताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो आणि दाबाबरोबर साडेचारकडे चढतो. आता स्कॅनरने ब्लॉकमधली हवा सोडा आणि लाइव्ह डेटा बघा. हवा गेल्यावरही आकडा आठ-दहा बारवर अडून राहिला, किंवा कंप्रेसर धडधडतोय, शेजारी जोडलेला साधा प्रेशर गेज चढतोय आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलत नाही, तर सेन्सर खुशाल बदला.