गिऱ्हाईकाला मराठी, नागरिकाला नाही

बेळगावच्या खडे बाजारात कापड घ्यायला जा. दुकानदार तुमच्याशी मराठीत बोलतो, शेजारच्या बाईंशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदीत. पाटीवर 60 टक्के कन्नड हवंच, असा कायदा 2024 मध्ये झाला. पाट्या बदलल्या, पण गल्ल्यावरची भाषा काही बदलली नाही. खासगी दवाखान्यात तेच. पैसे भरणाऱ्याची विचारपूस त्याच्या भाषेत होते. तोच माणूस जमिनीचा उतारा काढायला गेला की हातात कन्नड कागद पडतो आणि तो वाचून घ्यायला कुणाला तरी गाठावं लागतं. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त असतील तिथं नियम, नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, हे देशपातळीवर ठरून कितीतरी दशकं झाली. आपण अजून निवेदनंच देतोय.

त्यामुळे आपल्याकडची पोरं हल्ली म्हणतात, सरकारपेक्षा बाजार बरा, निदान माणूस म्हणून वागवतो. ही चीड मला समजते. पण ते म्हणणं मला पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

माझी आत्या निपाणीत बिड्या वळते. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी कात्रीनं मापात कापायची, सूप मांडीवर घेऊन बसायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि माल दुकानात पोचवायचा. तिथं ठेकेदाराचा माणूस जुड्या उलटसुलट करून बघतो आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, बाजूला काढतो. छाटलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही आणि ती बिडी परतही मिळत नाही. पानं फाटकी निघाली तर हजाराचा हिशेब पुरा करायला पदरच्या पैशानं पानं आणायची. इतकी वर्षं झाली, ठेकेदारानं तिचं नावच लावलेलं नाही. शेजारणीच्या कार्डावर ती माल देते. पीएफ जमा होतो तो शेजारणीचा.

आत्याकडे आधार आहे, रेशनकार्ड आहे. प्रत्येक निवडणुकीत मत मागायला लोक तिच्या दारात येतात. पण कामगार म्हणून ती कुठल्याही कागदावर नाही. कानडी कागदावर नाही आणि मराठी कागदावरही नाही.

वास्तविक 1966 च्या बिडी कामगार कायद्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं. तो कायदा आता नव्या श्रम संहितांमध्ये गेला, तो भाग वेगळा. कायदा असतानाही नाव लागलं नाही, कारण नाव लावलं की पीएफ आला, ग्रॅच्युइटी आली, बोनस आला, आणि तेवढी बिडी महाग पडली. मजुरीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, 'परवडत नसेल तर काम दुसरीकडे देतो.' किमान वेतन राज्याराज्यात वेगळं, आणि निपाणीतून महाराष्ट्रातलं कागल म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. ज्या सीमेपायी आपण एवढं सोसलं, ती सीमा तंबाखूच्या ट्रकला कधी आडवी येत नाही.

अजून एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. 1976 पासून बिडीवर एक उपकर होता. त्यातून कल्याण निधी चालायचा, म्हणजे कामगारांच्या पोरांना शिष्यवृत्ती, दवाखाने, घरांना मदत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. योजना कागदावर राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा पैसा गेला. आता बजेटमध्ये किती टाकतात त्याच्याकडे बघत बसायचं. 2025 मध्ये बिडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, तेंदूपानावरचा 18 वरून 5 वर. कारखानदाराला सवलत मिळाली, ठीक. त्यातलं हजार बिड्यांमागं आत्याच्या हातात किती आलं, हे कुणीतरी विचारायला नको का?

एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबत असेल तर ती राज्यघटनेच्या कलम 23 खाली वेठबिगारीच आहे, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच असते. हा निकाल प्रत्येक बिडी दुकानाच्या भिंतीवर लावावा असं मला मनापासून वाटतं. 'तिला परवडतं म्हणून ती वळते' असं म्हणणाऱ्यांना त्यात पुरतं उत्तर आहे.

आणि निपाणीला तरी हे नव्यानं सांगायला नको. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळूर हायवेवर बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 जण गेले. मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा एकाच रस्त्यावर बसला होता, कारण वखारीत दोघांचाही तंबाखू एकाच पडेल भावानं जात होता. दर 1 जूनला आपण हिंडलग्याला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो, जायलाच पाहिजे. पण 6 एप्रिलही आपलाच आहे.

कुणी म्हणेल, यानं सीमाप्रश्नाची धार बोथट होते. मला तसं वाटत नाही. 1956 ला मराठी सीमाभाग तिकडच्या राज्यात घातला हा अन्यायच झाला, 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, मी त्या बाजूनंच उभा आहे आणि राहणार. पण पीएफ केंद्राचा विषय आहे. बेळगाव कुठल्या राज्यात, याचा निकाल लागेपर्यंत आत्यानं बिननावाची वळत बसावं असं कुठल्याही कायद्यात नाही. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिली, कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला, दोन्हीकडे बातम्या झाल्या. बिडी कामगारांच्या नावनोंदणीवर मात्र दोन्ही सरकारं सारखीच गप्प. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांनीही जाहीरनाम्यात उताऱ्याच्या भाषेबरोबर हे घ्यायला पाहिजे. आणि कन्नड कामगार संघटनांबरोबर एका टेबलाला बसायची वेळ आली तर बसायला पाहिजे.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्यांनो, घरात कुणी बिडी वळत असेल तर आज एवढं विचारा: कार्ड कुणाच्या नावावर आहे? पीएफचा नंबर आहे का? पगाराची कुठलीही चिठ्ठी, मालाची वही, जुनं कार्ड सापडलं तर फोटो काढून ठेवा, फेकू नका. नाव लागलेलं नसेल तर मला इनबॉक्सला कळवा. अर्ज मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहून द्यायला आम्ही चौघं-पाचजण तयार आहोत.