‘नुसती पडापडी’ म्हणणाऱ्या काकांना उत्तर

काका नमस्कार, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि सकाळी उठून परत वाचली. शॉर्ट ट्रॅकच्या, म्हणजे छोट्या गोल ट्रॅकवर बर्फात होणाऱ्या स्केटिंगच्या शर्यतींच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की हा खेळ नाहीच, नुसती पडापडी आणि नशीब, सगळ्यात मागे असलेला माणूस गोल्ड घेऊन जातो, फायनलला नसलेल्या टीमला ब्रॉन्झ मिळतं, आणि नाशिकमध्ये जिथे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर दिसतो तिथल्या पोरांच्या डोक्यात हे कशाला भरवता. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंय तर मीही दोन ओळीत उरकत नाही.

आधी ब्रॅडबरी, कारण तुमचा मेन रोख त्याच्यावरच आहे. 2002, सॉल्ट लेक सिटी, 1000 मीटरची फायनल, पाच जण, शेवटच्या वळणावर पुढचे चौघंही पडले आणि मागून येणारा स्टीव्हन ब्रॅडबरी आरामात लाइन पार करून गेला, ऑस्ट्रेलियाचंच काय अख्ख्या दक्षिण गोलार्धाचं हिवाळी ऑलिम्पिकमधलं ते पहिलं गोल्ड. नशीब होतंच, तो स्वतःही ते नाकारत नाही. पण तो मागे का होता ते बघा ना. 28 वर्षांचा झालेला, आधीच्या राउंड्समध्ये पाय संपलेले, पुढच्या चौघांशी वेगात बरोबरी होणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं आणि हेही माहीत होतं की चौघंही गोल्डसाठीच पळणारेत, कोणी माघार घेणार नाही, म्हणजे धडक व्हायची शक्यता खूप. म्हणून त्याने ठरवून अंतर ठेवलं. शिवाय त्याआधीचं पण सांगतो, 1994 मध्ये एका रेसमध्ये दुसऱ्याचं ब्लेड त्याच्या मांडीतून आरपार गेलं, चार लिटर रक्त गेलं, 111 टाके पडले. मग 2000 मध्ये प्रॅक्टिस करताना मान मोडली, मणक्याला फ्रॅक्चर. त्यानंतर परत बर्फावर उतरलेला माणूस आहे तो. हे गोल्ड त्या दीड मिनिटाचं नाही, आधीच्या दहा वर्षांच्या मेहनतीचं म्हणून घेतलं असं त्याने नंतर सांगितलं होतं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

आता पडापडी. आइस हॉकीचं रिंक असतं 60 बाय 30 मीटर, त्यातच हा ट्रॅक बसवतात, म्हणजे सरळ पट्टा संपतो न संपतो तोच वळण. प्योंगचांग ऑलिम्पिकला 2018 मध्ये चीनच्या वू दाजिंगने 500 मीटर 39.584 सेकंदात मारले, हिशोब करा, उभ्याने स्टार्ट घेऊन सरासरी ताशी 45 किलोमीटर! कसारा घाटातलं वळण गाडी त्या स्पीडला घेते तेव्हा आपण हँडल धरून बसतो, इथे माणूस एक-दीड मिलिमीटरच्या ब्लेडवर इतका आडवा झुकतो की डाव्या हाताची बोटं बर्फावर टेकतात, म्हणून तर त्या ग्लोव्हच्या बोटांना कडक टोपणं असतात. ब्लेडसुद्धा बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवलेलं असतं आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं, कारण सगळं पळणं डावीकडेच. मागच्याने ओव्हरटेक करताना धडक झाली तर जबाबदारी साधारण त्याचीच, पुढच्याने काही चुकीचं केलं नसेल तर. म्हणजे कुठे घुसायचं, कधी थांबायचं, हे त्या अर्ध्या सेकंदात ठरवणं हाच खेळ आहे. आणि वूने काय केलं? पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढेच राहिला, कोणाला जवळच येऊ दिलं नाही. त्यात नशीब कुठेय सांगा.

ब्रॉन्झचं म्हणाल तर तुमची माहिती बरोबर आहे. त्याच 2018 मध्ये महिला रिलेच्या ए फायनलमध्ये, म्हणजे मुख्य फायनलमध्ये, चीन आणि कॅनडा बाद झाले आणि तिथे न पोचलेल्या टीम्सची बी फायनल जिंकलेल्या नेदरलँड्सला पदक मिळालं. पण त्या मुली बी फायनल कशा पळाल्या? वर्ल्ड रेकॉर्ड काढून! पदकाची काहीच खात्री नसताना 27 फेऱ्या जीव तोडून. मला तर ते ब्रॉन्झ जास्त आवडतं.

एका बाबतीत मात्र तुमचं मान्य. 2022 बीजिंगला 1000 मीटरमध्ये हंगेरीचा लिऊ शाओलिन लाइनवर पहिला आला, मग व्हिडिओ बघून त्याला बाद केलं आणि गोल्ड चीनच्या रेन झिवेईला गेलं. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला त्यातलं काही कळत नाही आणि राग येतो, मलाही आला होता.

राहिलं नाशिक. माझी मुलगी नऊ वर्षांची, रविवारी सकाळी इनलाइन स्केटिंगला जाते, गेल्या महिन्यात क्रॉसओव्हर, म्हणजे वळणावर एका पायावरून दुसरा पाय टाकणं, शिकताना कोपर सोलून घेतलं आणि दहा मिनिटांनी परत त्याच वळणावर. अमेरिकेचा अपोलो ओनो, तोच जो 2002 च्या त्या रेसमध्ये पडून सिल्व्हर घेऊन गेला, तो पण आधी रोलरवरच पळायचा, 1994 चं ऑलिम्पिक टीव्हीवर बघून बर्फाकडे वळला आणि पुढे आठ पदकं काढली. देहरादूनला हिमाद्री हे बर्फाचं रिंक आहे, 2025 मध्ये तिथे शॉर्ट ट्रॅकची एशियन ओपन स्पर्धा झाली. नाशिकपासून लांब आहे, खर्चाचं आहे, सगळं खरं. पण ज्या गावात सह्याद्रीच्या पाड्यावरून पळत आलेली धावपटू कविता राऊत घडली तिथल्या पोरीला मी आधीच नाही कसं म्हणू?

एक विनंती, 2002 ची ती फायनल परत बघा, आवाज बंद करून. पुढच्या चौघांकडे अजिबात बघू नका, पहिल्या फेरीपासून फक्त ब्रॅडबरीवर नजर ठेवा, तो किती अंतर ठेवतोय, कसं ठेवतोय. मग इथेच लिहा, मी वाट बघतोय.