'चोवीस तास काही विचारू नका' हा सल्ला कोणीही पाळू नये

व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एक मजकूर फिरतो आहे. घरातल्या कोणाला पोलिसांनी नेलं तर पहिले चोवीस तास ठाण्यात जाऊन उपयोग नाही, अटकेची माहिती द्यायला पोलीस बांधील नसतात, असं त्यात ठासून सांगितलं आहे. पुढे म्हटलं आहे की एफआयआर फिर्यादीशिवाय कोणाला पाहता येत नाही. अमेरिकेत जेलच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की फोटोसकट नोंद दिसते, आपल्याकडे तसलं काहीच नाही. तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करा, नाहीतर 'रेकॉर्ड काढून देणारा' एजंट गाठा.

ज्या घरावर ही वेळ येते त्याच्यासाठी पहिली रात्रच सगळ्यात मोलाची असते. वकील गाठायचा, रक्तदाबाच्या गोळ्या पोहोचवायच्या, माणूस धडधाकट आहे ना हे डोळ्यांनी पाहायचं, हे सगळं त्याच रात्री करायचं असतं. ती रात्र हा मजकूर वाया घालवायला सांगतो. म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासून पाहू.

पहिला मुद्दा, 'पोलीस बांधील नसतात'. हे साफ खोटं आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्येच अटकेचे नियम घालून दिले. अटकेचा लेखी मेमो करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं आणि नियंत्रण कक्षाला बारा तासांच्या आत माहिती द्यायची. पुढे हे नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आले. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ प्रमाणे, अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने अटक झालेला माणूस ज्याचं नाव सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची बातमी आणि त्याला कुठे ठेवलं आहे ते ठिकाण ताबडतोब कळवायचं आहे. कोणाला कळवलं याची नोंद ठाण्यातल्या वहीत करायची आहे. नियम पाळला की नाही याची खात्री करून घेणं हे दंडाधिकाऱ्यांचंही कर्तव्य आहे.

याच संहितेचं कलम ३७ तर यापुढे जातं. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक अधिकारी याच कामासाठी नेमायचा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ही माहिती त्याने ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची. डिजिटल पद्धतीनेही लावता येते. म्हणजे विचारायला जाणारा माणूस कोणाची मेहेरबानी मागत नसतो. ठाणे अंमलदारासमोर उभं राहून शांतपणे म्हणावं, 'कलम ३७ चे नियुक्त अधिकारी कोण आहेत, त्यांचं नाव द्या.' फलक कोरा असेल, तर दोष फलक न भरणाऱ्याचा आहे. तुमचा हक्क त्याने कमी होत नाही.

चोवीस तासांचा आकडा या मजकुरात आला कुठून? संविधानाच्या अनुच्छेद २२ मधून, आणि तोही उलटा करून. अटकेपासून, प्रवासाचा वेळ वगळता, चोवीस तासांच्या आत माणसाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलंच पाहिजे, असं तो अनुच्छेद सांगतो. हे बंधन पोलिसांवर आहे. रविवार आला, दिवाळी आली म्हणून ते सुटत नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी, म्हणजे माणसाला पुढे कोठडीत ठेवायचं का हे ठरवण्यासाठी, न्यायालय असतं. नातेवाइकांनी चोवीस तास गप्प बसावं असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

यातली खरी मेख वेगळीच आहे. ठाण्यात उत्तर मिळतं, 'अटक नाही, फक्त चौकशीला बसवलंय.' मग मेमो नाही, डायरीत नोंद नाही आणि चोवीस तासांचं घड्याळही सुरू झालेलं नाही, असं दाखवता येतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच कस्टम्सच्या एका प्रकरणात हा पडदा बाजूला केला होता : माणसाला जाण्याची मोकळीक राहिली नाही तिथेच अटक सुरू झाली, कागदावर वेळ कुठलीही असो. म्हणून माणूस किती वाजता, कुठून, कोणी नेला हे लगेच लिहून ठेवा. शेजारी, दुकानदार, ज्यांनी पाहिलं त्यांची नावं लिहा. जमलं तर तेव्हाच ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या कार्यालयाला ईमेल पाठवा. नंतर 'रात्री उशिरा अटक' असं लिहिलेलं समोर आलं, तर वकिलाच्या हाती हाच कागद असतो.

एफआयआरचं म्हणणं अर्धवट आहे. फिर्यादीला प्रत मोफत मिळते, हे खरं. पण ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर साधारण चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचा आदेश दिला. इंटरनेटची अडचण असेल तिथे ही मुदत जास्तीत जास्त बहात्तर तासांपर्यंत वाढते. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' या भागात जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडून शोधता येतं. लैंगिक अत्याचार, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथे दिसला नाही तरी आरोपीतर्फे अर्ज करून प्रत मागता येते. गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, हाती आला की अर्धं काम झालं : ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणं, तो नंबर आणि वर्ष टाकून प्रकरण शोधता येतं.

अमेरिकेशी केलेली तुलनाही फसवी आहे. तिथे देशभराची एकच यादी नाही. बहुतेक स्थानिक जेल काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, शेरीफ नावाच्या पोलीस प्रमुखाकडे असतात. कुठे यादी रोज लागते, कुठे फोन करावा लागतो. शिवाय ते फोटो खासगी संकेतस्थळं उचलतात आणि आरोप मागे घेतले गेले तरी काढायचे पैसे मागतात. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांना असे पैसे मागण्यावर बंदी घालणारे कायदे करावे लागले. निर्दोष माणसाचा चेहरा असा कायमचा टांगला जावा, ही मला हेवा करण्यासारखी सोय वाटत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकाला इमिग्रेशन खात्याने धरलं असेल, तर काउंटीच्या यादीवर विसंबू नका. त्यासाठी त्या खात्याचा वेगळा शोध आहे आणि त्यात जन्मदेश भरावा लागतो.

आपल्याकडे पोलीस कोठडीतला माणूस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. न्यायालयीन कोठडी मिळाल्यावरच तो आर्थर रोड, येरवडा, कळंबा, हर्सूल अशा कारागृहात जातो. पोलीस कोठडी चालू असताना जेलच्या दारात रांग लावून काही मिळत नाही. कोणत्या जेलला पाठवलं, हे रिमांडच्या कामकाजातून वकिलाला कळतं. त्यानंतर भेटीसाठी ई-मुलाकात या सरकारी ऑनलाइन सेवेवर नोंदणी करता येते.

माहितीच्या अधिकाराला एरवी तीस दिवस लागतात. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. पहिल्या रात्री त्याचा उपयोग नाही. आणि एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००. माणूस नेला हे नक्की आहे, पण कोणतंही ठाणं कबूल करत नसेल, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस, म्हणजे धरलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असं सांगणारी) याचिका करता येते : मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, आणि गोवेकरांसाठी पर्वरी. ती करणाऱ्या वकिलाला पहिला कागद लागतो तो माणूस नेल्याची वेळ टिपून तुम्ही पाठवलेला ईमेल.